पिंजऱ्याचं नवं दार

फळीवर टिचकी मारली की ती आतून कशी आहे ते दादाला कळतं. ही बढाई नाही. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं दुकानात यावं आणि समोर बसून बघावं. वरून कितीही पॉलिश मारा, आत कीड असली की आवाज बसका येतो. बत्तीस वर्षांत दादानं पारखून घेतलेली एक फळी फुटली नाही की वाकली नाही. आणि ज्याला लाकूड कळतं त्याला माणूस काय अवघड, असं दादा म्हणायचा. चहा पिताना म्हणायचा, गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, बायकोसमोर तर रोजच म्हणायचा.

दादाला बहीण एकच. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. वडील गेले तेव्हा ती पहिलीत होती आणि दादा सातवीत. दादानं दप्तर खुंटीला अडकवलं आणि हातात रंधा घेतला. त्या रंध्यावर धाकटी शिकली, प्राण्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर झाली, पांढरा कोट घालायला लागली. दादा हे सगळ्यांना सांगतो आणि सांगणारच. ज्यानं केलं त्यानं सांगू नये तर काय शेजाऱ्यानं सांगावं?

तिचं लग्नही दादानंच जमवलं. स्थळ बघायला तो एकटा गेला आणि अर्ध्या तासात परत आला. "घर बघितलं आणि कळलं," तो म्हणाला. "दारं-खिडक्या चोख. कड्या पितळेच्या. एक बिजागरी करकरत नाही. ज्याचं घर असं, तो माणूस वाकडा असूच शकत नाही." धाकटीनं मान हलवली. दादानं सांगितल्यावर ती विचारणार तरी काय?

चौदा महिन्यांनी ती एक पिशवी घेऊन परत आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. दादानंही विचारलं नाही. "आपलं घर आहे, राहा," एवढंच म्हणाला आणि दुकानामागची खोली तिला मोकळी करून दिली. त्या खोलीला त्यानं नवीन दार बसवलं. तेव्हा धाकटीनं एकच मागणं केलं, "कडी आतून लाव, दादा. बाहेरून नको." दादाला वाटलं, बायकांचं असतं असं काहीतरी. लावून दिली.

सशांचं सुरू झालं ते त्यानंतर. दवाखान्याच्या पायरीवर सकाळी खोकी सापडायची. वर भोकं पाडलेली, सुतळीनं बांधलेली. आत ससा. कुणाच्या मुलाचा वाढदिवस होऊन गेलेला, कुणाचं घर बदललेलं, कुणाला आता वास येतो म्हणून. डॉक्टर म्हणायचे, "मी तपासू शकतो, सांभाळू शकत नाही." मग धाकटी ते खोकं सायकलच्या कॅरियरवर बांधून घरी आणायची. एकाचे तीन झाले, तिनाचे नऊ. दुकानामागची शेड भरली. दादानं उरल्यासुरल्या फळ्यांतून पिंजरे बनवून दिले, एकाहून एक. खिळ्याचं टोक कुठं बाहेर नाही, कोपरे गोल, खालचा ट्रे एका बोटानं सरकणारा. तिनं सांगितलं की लाकडाचा भुसा त्यांच्या नाकात जातो, तर दादानं मध्ये छतापर्यंत भिंत घातली. असे पिंजरे कुणी बनवून दाखवावेत.

पण ससे आणणं सोपं होतं. द्यायचे कुणाला, हा खरा ताप होता.

फोन यायचे. एकीनं विचारलं, "पांढराच मिळेल ना? आमचे पडदे करडे आहेत." एकजण म्हणाला, "रविवारपुरता द्या, पार्टी झाली की आणून देतो." एकाला घरपोच हवा होता, सोबत रिबीन बांधून. एक म्हातारा सरळ दुकानात आला, सशाला मानेपाशी चाचपून म्हणाला, "किती भरेल हा? दोन किलो?" धाकटीनं त्याला हात जोडून वाटेला लावलं. नंतर म्हणाली, "दादा, आजवर आलेल्या सगळ्यांत हा एकच खरं बोलला."

तिची एक वही होती. रेघांची, दोनशे पानी. तीत अकरा प्रश्न. ससा का हवा, तो दिवसभर कुठं राहणार, घरात कुणाला आवडत नाही, याआधी पाळलेलं जनावर कसं गेलं, तुम्ही गावाला जाता तेव्हा कोण बघतं. तिचा नियम असा की उत्तर हो-नाही लिहायचं नाही. माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं, तो अडखळला तर तेही लिहायचं. मग एकदा घरी जाऊन बघायचं आणि तिथं तेच अकरा प्रश्न पुन्हा विचारायचे. पहिलं आणि दुसरं उत्तर शेजारी शेजारी ठेवून वाचायची ती, दवाखान्यातून आल्यावर, चष्मा कपाळावर चढवून.

नववा प्रश्न ऐकून लोक हसायचे. 'ज्या खोलीत ठेवणार त्या खोलीला कडी कुठल्या बाजूनं आहे?'

"ससा काय कडी काढून पळणार आहे का हो बाई?" एकानं विचारलं.

"तो नाही काढणार," धाकटी म्हणाली. "म्हणूनच विचारतेय."

गल्लीत तिला चौकशीबाई म्हणायला लागले. वहिनी, म्हणजे दादाची बायको, ती तर जेवायला वाढताना टोमणे मारायची. "वन्सं, मुलगी द्यायची असती तरी इतकी चौकशी कुणी केली नसती."

"हो ना वहिनी," धाकटी म्हणायची, "नाहीच करत कोणी." आणि खाली मान घालून जेवायची.

दादाला वैताग यायचा. शाळेची बाकं बनवायचं मोठं काम हाती आलं होतं, पंचेचाळीस बाकं, आणि तयार माल ठेवायला शेड हवी होती. शेडमध्ये एकोणीस ससे. आणि ही बाई दहा जणांतल्या नऊ जणांना परत पाठवणार. एक बाई तर रडत गेली. तिचं उत्तर पहिल्या वेळी 'मुलगी बघेल' होतं आणि दुसऱ्या वेळी 'कामवाली बघेल'. बस, तेवढ्यावर धाकटी नाही म्हणाली.

"अगं, माणसं आहेत ती, आरोपी आहेत का?" दादा ओरडला.

"पुढच्या महिन्यात तोच ससा खोक्यातून परत येतो ना दादा, तेव्हा ते खोकं तू उघडत नाहीस. मी उघडते."

दादा रंधा मारायला लागला.

सगळ्यांत जास्त दिवस अडकून राहिलेली जोडी म्हणजे काजळी आणि ढब्बू. काजळी पांढरी, डोळ्यांभोवती काळी किनार. ढब्बू करडा, जाडा, एक कान कायम पडलेला. दोघं एकाच खोक्यातून आलेली. वेगळी केली की खाणं सोडायची, म्हणून द्यायची तर दोन्ही एकाच घरी. अकरा महिने झाले होते. ढब्बूला दादाचा आवाज ओळखू यायचा. दादा शेडमध्ये शिरला की मागच्या पायांवर उभा राहायचा. दादा सगळ्यांना सांगायचा, "बघा, जनावराला पण माणूस कळतो."

मग एका साहेबांचा फोन आला. कुठल्याशा कंपनीत मोठ्या जागेवर होते. दुकानात आले ते बायकोला आणि दोन मुलांना घेऊन. बोलणं मऊ, बूट चकचकीत. धाकटीनं अकरा प्रश्न विचारले, त्यांनी न चिडता उत्तरं दिली. गावाला गेल्यावर कोण बघतं, यावर साहेब म्हणाले, "होते काहीतरी सोय." धाकटीनं ते तसंच लिहिलं, खाली रेघ मारली. याआधीचं जनावर कसं गेलं, यावर बाई म्हणाली, "ससेच होते. आजारी पडले." त्याखालीही रेघ मारली. "रविवारी घरी येते," ती म्हणाली.

पण शनिवारी तिला सणकून ताप भरला. डोळे उघडेनात. रविवारी सकाळी दादा तिच्या दाराशी उभा राहिला.

"मी जाऊन येतो."

"नको. पुढच्या रविवारी जाऊ."

"पुढच्या रविवारी त्यांनी दुसरीकडून आणला तर? अकरा महिने बसलीयेत ती दोघं. वही दे. मला काय लिहिता येत नाही?"

धाकटीनं उशीखालून वही काढली. "दादा, प्रश्न विचार हं. सगळे. रेघ मारलेले दोन तर नक्की. आणि ते बोलतील तेच लिही."

"तू मला शिकवणार? अगं, मी घर बघून माणूस सांगतो."

तिनं कूस बदलली.

साहेबांचं घर तळमजल्यावर होतं, मागे मोठी गॅलरी, गॅलरीला लोखंडी जाळीचं दार. आणि गॅलरीत तो पिंजरा. दादा बघतच राहिला. जुनं सागवान, साडेचार फूट लांब, खाली वर दोन मजले, मध्ये छोटी शिडी. सांधे असे की ब्लेड शिरणार नाही. दादानं टिचकी मारली. घंटेसारखा आवाज आला.

"हे कुणी केलं?"

"वडिलांनी करवून घेतलं होतं," साहेब म्हणाले. "जुना कारागीर होता. वारला."

दादा गुडघ्यावर बसला. हात फिरवत गेला आणि दाराशी थांबला. दार तेवढं नवीन होतं. लाकूड तेच, पण रंग एक छटा उजळ. बिजागऱ्याही नवीन. चौकटीच्या आतल्या कडेला थोडं घासून मेण भरलं होतं, सफाईनं. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दादाच्या आलं.

"दार बदललंय," तो म्हणाला.

साहेबांचा चेहरा जरा उतरला. "हो. म्हणजे... खराब झालं होतं."

"बदलणाऱ्यानं काम चांगलं केलंय. रेषा जुळवल्यात. पण माझ्या नजरेतून सुटायचं नाही." आणि दादा हसला. साहेबही हसले, जरा उशिरा. मग दादानं सांगितलं की चौकट कशी भरतात, मेण कुठलं वापरतात, आणि बत्तीस वर्षांत आपण काय काय बनवलं. चहा आला. मुलं दादाच्या अंगाखांद्यावर खेळली. वही मांडीवरच राहिली. निघताना रिक्षात बसून दादानं पेन काढलं आणि अकरा प्रश्नांपुढं अकरा वेळा लिहिलं, 'उत्तम.'

धाकटीनं तापातच वही चाळली. "सगळीकडं उत्तमच?"

"मग? पिंजरा बघितला असतास तर तू बारावा प्रश्न काढून तिथंही उत्तम लिहिलं असतंस."

"गावाला गेल्यावर कोण बघतं?"

"अगं, ज्यांचा पिंजरा असा, ते जनावराला वाऱ्यावर सोडतील का?"

तिनं वही मिटली. खूप थकली होती. "तू बघितलंस ना," ती म्हणाली, "मग ठीक आहे." आणि तिच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा दादाची छाती वीतभर फुगली, हे खोटं कशाला सांगायचं. परत आल्यापासून कधी ती असं म्हणाली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी दादानं स्वतः काजळीला आणि ढब्बूला नेऊन पोचवलं. ढब्बू त्या सागवानी मजल्यावर गेला, दोन पायांवर उभा राहिला आणि जाळीतून दादाकडं बघत राहिला. दादानं त्याच्या नाकावर बोट टेकवलं. "मजा आहे लेका तुझी," म्हणाला.

पंधरा दिवसांनी धाकटी फोन करायची, हाही तिचा नियमच. पहिल्या दिवशी कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन दुकानात आली. पांढरा कोटही काढला नव्हता. "चल," म्हणाली. दादानं हातातलं काम ठेवलं, हत्यारांची पिशवी मात्र सवयीनं खांद्याला लावली.

पुढच्या दाराला कुलूप होतं. बेल वाजवली तर वरच्या मजल्यावरून एक म्हातारी बाई डोकावली.

"नाहीत ते. फिरायला गेलेत. आज सात दिवस झाले."

"ससे?" धाकटीनं विचारलं.

"आहेत की मागे. ठेवून गेलेत खायला भरपूर. मागच्या सुट्टीत पण असंच ठेवून गेले होते." म्हातारी थांबली. "दोन दिवस आवाज यायचा हो, कुरतडल्यासारखा रात्रंदिवस. मग बंद झाला. परत आले तेव्हा पिंजऱ्याचं दार पार खाल्लेलं होतं. नवीन करून घेतलं बिचाऱ्यांनी."

दादानं ते ऐकलं. धाकटीनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती इमारतीला वळसा घालून मागे धावली होती.

गॅलरीच्या जाळीला आतून कुलूप होतं. दादानं बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, चार, मग आणखी चार. बत्तीस वर्षांत दादाचा स्क्रूड्रायव्हर कधी घसरला नव्हता, त्या दिवशी तीनदा घसरला. दार सुटलं.

पाण्याची बाटली कोरडी होती. दाण्यांची रास एका कोपऱ्यात तशीच पडलेली, पाणी संपल्यावर कोण खाणार. काजळी वरच्या मजल्यावर होती, कधीची गेलेली. ढब्बू खाली, दाराशी. नवीन दाराला तळहाताएवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा लाल होत्या. त्याचे पुढचे दोन्ही दात मुळापासून तुटलेले. पोट अजून हलत होतं.

दादा म्हणाला, "ढब्बू." पडलेला कान जरासा हलला.

धाकटीनं त्याला कोटात गुंडाळलं. रिक्षात ती थेंब थेंब पाणी बोटानं त्याच्या ओठावर लावत राहिली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पोट दाबून बघितलं आणि मान हलवली. आतडं बंद पडलं होतं. चार वाजता गेला. धाकटीनंच त्याचं तोंड पुसलं.

साहेबांचा फोन लागला तो दुसऱ्या दिवशी. तिनं स्पीकरवर लावला, दादा समोर बसला होता.

"फार वाईट झालं," साहेब म्हणाले. "पण आम्ही पाणी, दाणे सगळं ठेवलं होतं. आणि बघा, तुमच्या भावानं काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की सुट्टीत आम्ही नसतो. त्यांना तर दार बदललेलं पण कळलं होतं. मला वाटलं आता विचारतील. ते मेणाबद्दल बोलायला लागले."

धाकटीनं फोन ठेवला. दादा म्हणाला, "खोटारडा आहे तो. लपवलं त्यानं."

"नाही दादा. तो थांबला होता तुझ्या प्रश्नासाठी. तू मेणाकडं वळलास आणि तो सुटला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुला दार दिसलं. तुला सगळं दिसतं. माझ्या लग्नाच्या वेळी पण कडी तूच बघितलीस."

दादा मांडीवरचा भुसा झटकायला लागला.

"काय म्हणाला होतास आठवतंय?"

"पितळेची," दादा म्हणाला.

"कुठल्या खोलीची होती?"

दादाला आठवत होतं. हेच तर. तो लाकूड विसरत नाही, पितळ विसरत नाही. आतल्या झोपायच्या खोलीचं दार होतं, साडेसहा फुटी, एकाच फळीचं. कडी नवीन, भक्कम, चकचकीत. बाहेरच्या बाजूला. त्यानं ती सरकवून बघितली होती, आवाज न करता बसली म्हणून खूश झाला होता.

"तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस."

बाहेर भांडी आवरणारी वहिनी दारापाशी येऊन उभी राहिली होती. धाकटी उठली, सशांना गवत घालायला शेडमध्ये गेली. सतरा राहिले होते.

दादानं ते कुरतडलेलं दार साहेबांकडून मागून आणलं. दुकानात आत शिरल्या शिरल्या समोर जिथं त्याची सगळ्यांत सुंदर कोरीव चौकट टांगलेली होती, ती उतरवून तिथं हे दार टांगलं. वहिनी म्हणाली, "अहो, काढा ते, अंगावर काटा येतो." नाही काढलं. गिऱ्हाइकं विचारतात, हे असलं काय लावलंय, कुणाचं काम? दादा सांगतो, "माझं."

आता कोणी ससा न्यायला आलं की धाकटी बोलत नाही. मागे स्टुलावर बसते. वही दादाच्या हातात असते. परवा एक नवरा-बायको आले होते, चांगले दिसत होते, अगदी सरळ माणसं, बघताक्षणी कळत होतं. दादानं पेन उघडलं आणि पहिला प्रश्न वाचला. त्याचं अक्षर सातवीतल्या पोराचं आहे, हळू लिहितो. ते दोघं घड्याळ बघायला लागले.

"नववा," मागून धाकटी म्हणाली.

"येतोय," दादा म्हणाला. "अजून पाचवा चाललाय. गावाला गेल्यावर कोण बघतं, त्याचं उत्तर दिलं नाही यांनी अजून."